माशाला लाल इंजेक्शन

हंबीररावांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, फिरती शिराळा तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांतून. पण एवढा लांबलचक हुद्दा उच्चारायला गावाला वेळ कुठला! गाव त्यांना डाक्टर म्हणायचं आणि तेही ओ द्यायचे. म्हैस चारा खात नाही, बैल लंगडतो, शेळी नुसतीच तोंड पाडून उभी आहे. काहीही असो, मालकाच्या डोळ्यांदेखत सुई टोचली गेलीच पाहिजे, हा त्यांचा नेम. खरं औषध असलं तर खरं. नसलं तर बॅगेच्या कोपऱ्यात शक्तीच्या औषधाची लाल बाटली असायची. त्या औषधानं कुणाचं वाईट होत नसे आणि चांगलंही फारसं होत नसे. पण तो लाल रंग सुईतून आत जाताना दिसला की मालकाचा चेहरा खुलायचा. उन्हातान्हात जनावर हाकत आलेल्या माणसाला ‘याला औषध नाही, आपोआप जाईल’ असं सांगायला हंबीररावांची जीभ रेटत नसे. माणूस मनानं फार मऊ, त्याला काय करणार!

त्यांचा दोस्त चांदसाहेब नालबंद मात्र उलट्या काळजाचा. दवाखान्यासमोर चिंचेखाली तो बैलांच्या खुरांना पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारायचा. बैलाच्या पायांत दोरी अडकवून त्याला इतका अलगद आडवा करायचा, की आपण कधी पडलो हे बैलालाही कळू नये. पण खूर कच्चा दिसला की हातोडी खाली ठेवायचा. “न्हाई मारत. पंधरा दिसांनी आण.” मालक चिडायचा, चार शिव्या हासडायचा. चांदसाहेब शांतपणे बिडी पेटवायचा. आणि तिकडे हंबीरराव कुणाच्या म्हशीला लाल बाटलीतलं औषध टोचत असले, की हा मालकाच्या पाठीमागे उभा राहून एक डोळा मिटायचा आणि हवेतल्या हवेत अंगठ्यानं इंजेक्शन दाबून दाखवायचा. हसू दाबता दाबता हंबीररावांची पुरेवाट व्हायची.

पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आले. चांदसाहेब मुलांबरोबर कराडजवळ मलकापूरला राहायला आला. निवृत्त झाल्यावर हंबीररावांनीही तिथंच दोन गल्ल्या सोडून घर बांधलं. संध्याकाळी दोघं हायवेच्या कडेला बसून गाड्या बघायचे आणि सगळ्या जगाच्या चुका काढायचे. दोन वर्षांपूर्वी चांदसाहेबाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून तो पुढच्या खोलीत खाटेवर पडून होता. डावा हात तेवढा चालायचा, आणि डोळे.

त्या डोळ्यांसाठी मुलानं, अजहरनं, खाटेच्या पायथ्याशी माशांची टाकी मांडली होती. अजहरचं हायवेच्या फाट्यावर शोभेच्या माशांचं दुकान. टाकी साधी नव्हती, खाऱ्या पाण्याची होती. समुद्र मलकापूरपासून अख्खा घाट उतरून गेल्यावर, पण अजहर गाळलेल्या पाण्यात पिशवीतलं मीठ मोजूनमापून कालवायचा आणि घरातल्या घरात समुद्र तयार करायचा. त्यात एक नारंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे, आणि त्याच्या सोबतीला लाल पाठीचे दोन झिंगे. चांदसाहेब दिवसभर त्या माशाकडे बघत राहायचा. जेवतानाही नजर तिकडेच.

त्या दिवशी सकाळी जीनत हंबीररावांच्या दारात आली. चांदसाहेबाची ही थोरली मुलगी. घरात शिवणकाम करून बापाचं सगळं बघायची.

“काका, माशाला गाठ आलीय,” ती म्हणाली. “पाठीवरच्या पराला. पांढरी. तुमी चला.”

“अजहरला दाखीव की. त्याचा तर धंदाच हाय.”

“दाखवली. तो म्हणतो औषध न्हाई, काय करू नका, गप बसा. गप कसं बसायचं, काका? मागच्या वर्षी पहिला मासा मेला तवा अब्बांनी पाच दिवस तोंड उघडलं न्हाई. सलाईन लावायला लागलं हुतं. आता परत तसं झालं तर...” तिनं पुढचं बोलणं गिळलं. “तुमी इंजेक्शन द्या एखादं.”

माशाला इंजेक्शन! दुसरा कुणी असता तर हंबीरराव खो खो हसले असते. पण मागच्या वर्षीचे ते पाच दिवस त्यांनीही बघितले होते. ते पायात चपला सरकवून निघाले.

त्यांनी चष्म्यावर भिंग धरून टाकीत पाहिलं. माशाच्या परावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत. शेजारी दोन बारके ठिपके. हंबीररावांनी जन्मात माशाला औषध दिलं नव्हतं. मासा म्हणजे त्यांच्या लेखी ताटातली वस्तू. त्यांनी मान वर केली. खाटेवरून चांदसाहेब त्यांच्याकडे रोखून बघत होता, दाराशी जीनत ओढणीचं टोक पिळत उभी होती. ‘मला यातलं कळत नाही’ असं म्हणायला चार शब्द पुरले असते. तेवढे मात्र त्यांच्या तोंडून निघेनात.

“हाय की औषध,” ते म्हणाले. “दुपारपतुर घिऊन येतो.”

घरी येऊन त्यांनी मोबाइलवर शोधाशोध केली. खाऱ्या पाण्यातल्या माशांना पांढरे ठिपके येतात आणि त्यावर तांबं वापरतात, असं कुठंतरी दिसलं. तेवढं त्यांना पुरलं. पुढचं वाचायची गरज वाटली नाही, कारण तांबं म्हणजे मोरचूद, आणि मोरचूद म्हणजे तर त्यांचा घरचा गडी! खुरकुतानं खूर सडले की मोरचुदाच्या पाण्यात जनावरांचे पाय बुडवून त्यांनी किती गोठे सावरले होते. त्यांचा भाचा इंद्रजित तासगावकडे द्राक्षं करायचा. बागेवर फवारायला आणलेल्यातली मोरचुदाची एक पुडी त्यानं मामांकडे ठेवलेलीच होती. त्यांनी त्यातले निळे खडे वाटीत विरघळवले. रंग लाल नव्हता एवढंच, पण औषधासारखा दिसत होता.

दुपारी ते वाटी घेऊन गेले. टाकीवर वाटी कलती करणार, एवढ्यात चांदसाहेबाच्या घशातून आवाज निघाला. त्यानं डाव्या हातानं खाटेच्या लोखंडी कडेवर थाप मारली. एक, दोन, तीन.

“आरं काय न्हाई होत,” हंबीरराव हसून म्हणाले. “तुझ्या माशाला पत्री न्हाई मारत मी.”

आणि त्यांनी वाटी उपडी केली. जीनतच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा उजेड दिसला. तो बघून हंबीरराव सुखानं घरी गेले आणि बायकोनं, चंद्राबाईंनी, केलेल्या पिठल्यावर ताव मारून झोपले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फोन. ते पोचले तेव्हा दोन्ही झिंगे तळाशी उलटे पडले होते. मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. अजहर दुकानातून खाऱ्या पाण्याचे कॅन घेऊन आला होता आणि नळी लावून टाकीतलं पाणी उपसत होता. चांदसाहेब छताकडे बघत होता.

“आपा, खरं सांग, पाण्यात काय पडलं?” अजहर बहिणीला विचारत होता. “झिंगे असे एका रातीत मरत न्हाईत.”

जीनतनं दारात उभ्या राहिलेल्या हंबीररावांकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. “माझ्याकडनं नळाचं पाणी पडलं. काल टाकी कमी दिसली म्हणून.”

“किती वेळा सांगितलंय तुला! जरा म्हणून अक्कल...” अजहरचा आवाज चढला. जीनत उभ्या उभ्या ऐकून घेत राहिली.

 पोरगी त्यांची अब्रू झाकत होती. एवढ्या वर्षांच्या डाक्टरकीची अब्रू, आणि ती झाकायला त्यांच्या दोस्ताची मुलगी धाकट्या भावाच्या शिव्या खात होती. गप्प राहणं सोपं होतं. एक मिनिट तसंच गेलं, अजहर तिला बोलत राहिला, आणि त्या एका मिनिटाची लाज हंबीररावांना पुढे फार दिवस वाटत राहिली.

“तिला नगंस बोलू,” ते शेवटी म्हणाले. “मी मोरचूद घातलंय. दोन चिमटी.”

अजहरच्या हातातली नळी तशीच राहिली. “मोरचूद? काका, तांब्यानं झिंगे मरत्यात वो! थेंबभर पुरतं त्यांना.”

“माशाच्या ठिपक्यांवर तांबं चालतं असं वाचलं हुतं मी.”

“त्ये ठिपके वायले, ह्ये वायले. त्यो जंतू असतो, त्याला तांबं चालतं. तेबी मोजून, वायल्या टाकीत. ही गाठ व्हायरसची हाय. हिला जगात औषध न्हाई.” मग तो जरा खाली आला. मोठ्या माणसावर आवाज चढवल्याचं त्यालाच लागलं असावं. “औषध नसलं तरी ती जाती, काका. आपली आपण. मासा भ्यालेला नसला, पाणी चांगलं असलं, खाणं चांगलं असलं, तर दोन-तीन महिन्यांत झडून पडती. कापायची न्हाई, खरवडायची न्हाई. गाठीखाली लाल जखम झाली, पू धरला, तरच त्या जखमेला औषध द्यायचं. म्हणून तर म्हणलं हुतं, गप बसा.”

“आता जगंल का?”

“बघायचं,” अजहर म्हणाला आणि पाण्यातलं तांबं शोषून घ्यायला कोळशाची पिशवी टाकीत सोडायला लागला.

तीन दिवस मासा कोपऱ्यात लपून होता. तीन दिवस चांदसाहेबानं चमच्यासमोर तोंड मिटलं. जीनत दूध घेऊन बसायची, तो मान वळवायचा. चौथ्या दिवशी मासा बाहेर आला आणि खाण्याचा एक कण त्यानं गिळला. त्या दुपारी चांदसाहेबानं अर्धी वाटी पेज घेतली. जीनत स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि हंबीररावांनी बाहेर उगाचच खोकून घेतलं.

मग हंबीररावांनी स्वतःहून काम मागून घेतलं. रोज सकाळी येऊन पाण्याचा खारेपणा आणि उष्णता मोजायची, वहीत तारीख घालून लिहायची, माशाला चिमूटभर खाणं द्यायचं आणि पुढचा तासभर काहीही करायचं नाही. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड! गाठ वाढत होती. ज्वारीच्या दाण्याची हरभऱ्याच्या डाळीएवढी झाली. हंबीररावांचे हात शिवशिवायचे. एकदा तर त्यांनी खिशातून चिमटा काढला आणि चांदसाहेबाकडे बघून परत ठेवला. कच्चा खूर बघून हातोडी खाली ठेवणारा हा माणूस रोज किती शिव्या खाऊन घरी जात असेल, हे त्यांना आत्ता, सहासष्टाव्या वर्षी कळत होतं.

असंच एका सकाळी, जीनत बाजारात गेलेली असताना, त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“चांद्या, तुला एक सांगायचं हाय. लम्पीच्या साली शिराळ्याला लग्नाला गेलो हुतो बघ मी. तितं जोतिबानं गाठलं. वड्याकडंचा जोतिबा, दोन गायी हुत्या त्याच्या. एकीच्या अंगावर गाठी आल्या हुत्या. हातापाया पडाय लागला. मी लाल इंजेक्शन दिलं आन् म्हणलं, काय काळजी करू नगंस.”

चांदसाहेब माशाकडे बघत होता.

“खरं म्हंजे त्याला सांगायला पायजे हुतं की ह्याला औषध न्हाई, गाय वायली बांध, माश्या-गोचडींचा बंदोबस्त कर. पर इंजेक्शन मिळालं म्हणून त्यो बिनघोर झाला. एकाच गोठ्यात, एकाच दावणीला बांधली. ती गाय जगली आपली आपण. दुसरी, गाभण, ती गेली. आन् जोतिबा मला फोन करून काय म्हणला ठावं हाय? म्हणला, डाक्टर, तुमच्या इंजेक्शनानं एक तरी वाचली.” हंबीररावांनी वही मिटली. “तीन वरसं झाली. मी कुणालाच बोललो न्हाई.”

 चांदसाहेबानं त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूहळू, डाव्या कोपरावर जोर देऊन, त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

हंबीरराव बराच वेळ त्या पाठीकडे बघत बसले. कुणी शिवी दिली असती तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी येऊ नये असं वाटलं, पण वहीत तारीख घालायची होती म्हणून आले.

जवळजवळ दोन महिने गेले. आषाढ संपत आला. एका सकाळी हंबीररावांनी भिंग धरलं आणि त्यांना गाठ दिसेना. आधी वाटलं, मासा फिरला असेल. मासा फिरला, दुसरी बाजू दिसली, तिथंही नव्हती. पराच्या कडेला केसाएवढी फट तेवढी राहिली होती. शेजारचे ठिपकेही गेले होते. कधी झडली, कुणी बघितलं नाही. ना वाजलं, ना गाजलं.

“जीने! आगं इकडं ये!”

जीनत पिठाच्या हातांनी धावत आली. काचेला नाक लावून तिनं पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. “काका, तुमचा हात लागला म्हणून झालं बघा. उगं न्हाई सगळी तुमास्नी डाक्टर म्हणत!”

खाटेवरून एक आवाज आला. चांदसाहेब हसत होता. अर्धंच तोंड हसत होतं, पण ते हसूच होतं. त्यानं डावा हात वर केला. एक डोळा मिटला. दोन बोटांत नसलेली सुई धरली आणि अंगठ्यानं हळूच दाबली, जीनतच्या पाठीमागून, अगदी चिंचेखाली करायचा तशी. हंबीररावांना हसू फुटलं. ते हसत असतानाच चांदसाहेबाचं हसू मावळलं. त्यानं मान हलवली, नाही, नाही अशी. मग तोच हात लांब करून त्यानं उघड्या दाराकडे बोट दाखवलं आणि ते बोट तसंच धरून ठेवलं.

“अब्बा, काय पायजे? पाणी?” जीनतनं विचारलं.

“पाणी न्हाई,” हंबीरराव म्हणाले. त्यांना कळलं होतं. त्या दिवशी त्यानं तोंड का फिरवलं होतं, तेही आत्ता कळलं. कबुली चुकीच्या दारात दिली होती त्यांनी. “जातो बाबा. उद्याच जातो.”

शिराळ्याची एसटी भरलेली होती. नागपंचमी आठवड्यावर आलेली, त्यामुळे जो तो पाहुण्यांच्या आणि मांडवाच्या गोष्टी बोलत होता. हंबीररावांनी बॅग आणली नव्हती. इतक्या वर्षांत या रस्त्यानं ते पहिल्यांदाच बॅगेवाचून चालले होते, आणि मांडीवर हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

जोतिबा गोठ्यात वैरण टाकत होता. त्यांना बघून त्याचं तोंड फुललं. “आवं डाक्टर! या, या. आगं सोनिया, डाक्टर आल्यात, च्या टाक!” त्यानं घरातल्या बायकोला हाक दिली.

“आधी ऐक,” हंबीरराव म्हणाले. “मग च्या द्यायचा का न्हाई ते ठरीव.”

ते उभ्या उभ्याच बोलले. लाल बाटलीत काय होतं ते सांगितलं. काय सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, तेही सांगितलं. जोतिबा उकिडवा बसून ऐकत होता. कडब्याची एक काडी घेऊन तिचे तुकडे करत होता. बोलणं संपलं तरी तुकडे करणं चालूच होतं. पलीकडे एकच गाय रवंथ करत उभी होती, तीच, वाचलेली.

“म्हंजे,” तो म्हणाला, “हाताचा काय संबंद न्हाई?”

“कसल्या हाताचा?”

“सोनियाच्या.” त्यानं घराकडे मान वळवली. “आजारी गायीची धार काढली आन् हात न धुता तसाच दुसरीला लावला, म्हणून ती गेली, असं धरून बसलीया ती. तवापासनं गाईला हात लावला न्हाई तिनं. तीन वरसं. दोन्ही येळंला धार मीच काढतोय. शेजारीपाजारी जेवायला वाढायचं म्हणलं तरी हात मागं घेती.”

 एका गाभण गायीचा हिशेब त्यांनी मनात मांडला होता. या बाईचे हात त्यात कुठंच नव्हते.

“हातानं न्हाई गेला रं रोग,” ते म्हणाले. “माश्यांनी गेला. गाय वायली बांध म्हणायचं काम माझं हुतं. तिची काय चूक न्हाई.”

जोतिबा उठला. हातातली काडी त्यानं टाकून दिली. हंबीररावांकडे न बघता त्यानं घराच्या दिशेनं हाक मारली.

“सोनिया, च्या ऱ्हाऊ दे. भायर ये. ह्ये काय सांगत्यात ते तुझ्या कानानं ऐक.”

डाक्टर म्हणाला नव्हता तो. हंबीररावांच्या ते लक्षात आलं, आणि ते बरोबरच होतं.

सोनिया दारात आली. पस्तिशीची असेल. दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले होते. ती उंबऱ्यातच थांबली आणि नवऱ्याकडे बघायला लागली.

“ये, अशी फुडं ये,” हंबीरराव म्हणाले, आणि त्यांनी परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.